गोळीतलं लुब्रिकंट: टॅब्लेट विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

दर जूनमध्ये रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या स्टेशनांवर सकाळच्या शिफ्टच्या गर्दीत काही नवे चेहरे दिसतात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा आणि छत्री, गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र. कोणी डी.फार्म. झालेलं, कोणी बी.फार्म., कोणी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत गोळ्यांच्या विभागात यातली बरीच मुलं-मुली लागतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती एसओपींचा, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतींच्या लेखी सूचनांचा, गठ्ठा पडतो. त्यात ग्रॅन्युलेशनला (पावडरीचे दाणे, म्हणजे ग्रॅन्युल, बनवायला) सहा पानं, ड्रायिंगला चार, आणि लुब्रिकेशनला जेमतेम चार ओळी: मॅग्नेशियम स्टिअरेट ६० मेशमधून (इंचाला ६० भोकांच्या चाळणीतून) चाळा, ब्लेंडरमध्ये घाला, ३ मिनिटं फिरवा, माल उतरवा.

चारच ओळी, तीनच मिनिटं. साहजिकच कोणी तिकडे फारसं लक्ष देत नाही. मी वीस वर्षं याच कामात आहे. कंप्रेशनला, म्हणजे गोळी दाबण्याच्या टप्प्याला, आल्यावर बिघडलेल्या ज्या बॅचेस मी पाहिल्या, त्यातल्या कितीतरींचं मूळ शोधत मागे गेलं की पाय याच तीन मिनिटांत येऊन थांबायचे. म्हणून नव्यांना मी सगळ्यात आधी हेच शिकवतो, आणि इथेही तेच सविस्तर लिहितो आहे.

लुब्रिकंट नेमकं काय करतं

गोळ्या दाबणाऱ्या मशीनसमोर उभे राहा आणि एकाच स्टेशनवर, म्हणजे एक डाय (साचा) आणि तिचे वरचे-खालचे पंच (दाबणारे दट्टे) यांच्यावर, नजर ठेवा. डायच्या भोकात माल पडतो. वरचा पंच खाली येतो, खालचा त्याला आधार देतो, आणि काही टनांच्या दाबाखाली क्षणभरात गोळी तयार होते. दाब सुटला की गोळी किंचित फुगायला बघते आणि डायच्या भिंतीला घट्ट धरून बसते. मग खालचा पंच तिला वर ढकलतो. याला इजेक्शन म्हणतात. गोळी आणि डायची भिंत यांच्यात सगळ्यात जास्त घर्षण इथे होतं, आणि लुब्रिकंटची खरी गरजही इथेच असते. त्याचा पातळ थर मधे आला की गोळी घसरत, ओरखडा न उठता बाहेर येते. मोदकाच्या साच्याला तुपाचं बोट का फिरवतात हे ज्याला माहीत आहे, त्याला निम्मी गोष्ट आधीच समजलेली आहे.

आपल्याकडे बोलताना शेवटी घालायच्या सगळ्याच पावडरींना सरसकट ‘लुब्रिकंट’ म्हणतात. पण कामं तीन आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. माल हॉपरमधून सुळसुळीत वाहावा म्हणून घालतात ते ग्लायडंट. पंचाच्या तोंडाला माल चिकटू नये म्हणून घालतात ते अँटिअ‍ॅडहेरंट. आणि डायच्या भिंतीवरचं घर्षण कमी करतं ते खरं लुब्रिकंट. कोलायडल सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे आपलं एरोसिल, वाहण्यासाठी उत्तम, पण घर्षणाला त्याचा उपयोग नाही. टाल्क चिकटणं थांबवतो, वाहायलाही मदत करतो, पण लुब्रिकंट म्हणून कमजोर. मॅग स्टिअरेट घर्षण कमी करण्यात सगळ्यांत पुढे, चिकटणं थांबवण्यात बऱ्यापैकी, वाहण्यासाठी मात्र मागे. त्यामुळे ‘वजन वर-खाली होतंय, मॅग स्टिअरेट वाढवूया का?’ असं कोणी विचारलं, तर रोगाचं औषध चुकतंय हे लगेच लक्षात यायला हवं.

आता यातली मुख्य अडचण. स्टिअरेटला डायची भिंत कोणती आणि ग्रॅन्युल कोणता हे कळत नाही. ब्लेंडरमध्ये फिरताना ते आधी प्रत्येक ग्रॅन्युलवर पसरतं. गोळी धरून राहते ती कण एकमेकांना चिकटल्यामुळे. कणांच्या मधे मेणासारखा थर आला की ती पकड ढिली होते. शिवाय हा थर पाण्याला दूर ठेवतो, त्यामुळे गोळी पोटात गेल्यावर पाणी आत शिरायला वेळ लागतो. दिवाळीत चकलीच्या भाजणीत मोहन जास्त पडलं की काय होतं ते आठवा. चकली सोऱ्यातून सुरेख पडते, पण तेलात गेली की विरते. मोहन कमी झालं तर ती कडक होते. गोळीचं गणितही असंच दोन्ही बाजूंनी आवळलेलं आहे.

फॉर्म्युला हातात आला की काय बघायचं

बीएमआर, म्हणजे बॅचच्या सूचना आणि नोंदींचं पुस्तक, उघडल्यावर नवीन माणूस टक्केवारी बघतो. मी म्हणतो, आधी सोबतचे घटक बघा. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि स्टार्च दाबाखाली चेपतात, फुटत नाहीत. त्यांच्यावर एकदा स्टिअरेटचा थर बसला की तो तसाच राहतो आणि गोळी मऊ पडते. डायकॅल्शियम फॉस्फेटचं उलट. ते दाबाखाली फुटतं, फुटल्यावर आतले कोरे पृष्ठभाग उघडे पडतात, आणि कण त्या कोऱ्या जागी धरून बसतात. म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेटवर बेतलेला फॉर्म्युला लुब्रिकेशनची थोडी चूक पोटात घालतो. सेल्युलोज आणि स्टार्चचा घालत नाही. लॅक्टोज या दोघांच्या मधे कुठेतरी.

मग लुब्रिकंट कोणतं आहे आणि तेच का निवडलं आहे ते विचारा. मॅग स्टिअरेट साधारण ०.२५ ते १ टक्का या दरम्यान चालतं, आणि बहुतेक गोळ्यांत तेच असतं. पण ॲस्पिरिनच्या गोळीत ते घालत नाहीत. स्टिअरेट किंचित अल्कधर्मी असतं आणि त्याच्या संगतीत ॲस्पिरिनचं लवकर विघटन होतं, म्हणून तिथे स्टिअरिक ॲसिड वापरतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत स्टिअरेट घातलं तर ग्लासात वर तवंग येतो आणि पाणी गढूळ दिसतं. तिथे पाण्यात विरघळणारं काहीतरी लागतं: पीईजी ६०००, सोडियम बेंझोएट, एल-ल्युसीन. सोडियम स्टिअरिल फ्युमरेट हेही एक लुब्रिकंट आहे. महाग आहे, पण पाण्याशी त्याचं तितकं वैर नाही आणि मिनिटभर जास्त फिरलं तरी ते स्टिअरेटइतकं नुकसान करत नाही. जिथे औषध लवकर विरघळण्याचा प्रश्न नाजूक असतो तिथे फॉर्म्युलेशनवाले ते निवडतात. ‘हे स्वस्तातलं का नाही घेतलं?’ हा प्रश्न परचेसने विचारला, तर उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे.

मॅग स्टिअरेट प्राणिज चरबीपासूनही बनतं आणि वनस्पतिजन्य तेलापासूनही. लेबलवर आणि सीओएवर (पुरवठादाराच्या तपासणी प्रमाणपत्रावर) ‘व्हेजिटेबल ओरिजिन’ आहे का, ते जिथे लागू असेल तिथे तपासा. अनेक ग्राहकांसाठी तो श्रद्धेचा विषय आहे आणि त्यात चूक होता कामा नये.

वजन करताना

२०० किलोची बॅच आणि ०.७५ टक्के स्टिअरेट म्हणजे १.५ किलो. एवढ्या मोठ्या ढिगात दीड किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि नेमका तिथेच हात ढिला पडतो. पिशवीला चिकटून राहिलेलं, स्कूपवर उरलेलं, चाळणीच्या कडेला बसलेलं हे सगळं त्या दीड किलोतूनच जातं. १०० ग्रॅम मागे राहिलं तर लुब्रिकंटचा पंधरावा हिस्सा गेला. औषधाच्या बाबतीत तुम्ही असं कधीच चालवून घेणार नाही.

या अचूकपणाला नियमांमध्येही वजन आहे. अमेरिकेच्या एफडीएने १९९५ मध्ये औषध लगेच सोडणाऱ्या गोळ्यांच्या फॉर्म्युल्यातल्या बदलांबाबत जे मार्गदर्शन काढलं, त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम स्टिअरेटचा किरकोळ समजायचा बदल गोळीच्या एकूण वजनाच्या ०.२५ टक्क्यांपर्यंतच धरला आहे. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत हे होतात फक्त सव्वा मिलिग्रॅम. त्याच यादीत फिलरला (गोळीचं आकारमान भरणाऱ्या घटकाला) ५ टक्क्यांची मुभा आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की स्टिअरेटकडे किती बारकाईने बघतात ते कळतं.

आणखी एक. सीओए पास आहे म्हणजे स्टिअरेट कालच्यासारखंच आहे असं धरू नका. बाजारातलं मॅग्नेशियम स्टिअरेट हे स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांच्या मॅग्नेशियम क्षारांचं मिश्रण असतं. त्यातल्या पाण्याचं प्रमाण, कणांचा आकार, दर ग्रॅममागे पसरणारा पृष्ठभाग हे उत्पादकागणिक आणि कधी कधी लॉटगणिक बदलतं. बारीक, जास्त पृष्ठभागाचं स्टिअरेट तितक्याच वजनात जास्त माल झाकतं. पुरवठादार बदलला असेल, तर पहिल्या बॅचची कंप्रेशन शीट मी स्वतः मशीनजवळ उभा राहून वाचतो. तुम्हीही विचारून घ्या: ‘हा लॉट नवीन आहे का?’

चाळणी

स्टिअरेटचं पोतं उघडून बघा. पांढरी, मऊ, बोटांत धरली की साबणासारखी निसटणारी पावडर. पण नीट पाहिलं तर तिच्यात साबुदाण्याएवढ्या गुठळ्या दिसतील. दाबल्या की सहज फुटतात, म्हणून लोक म्हणतात, ‘ब्लेंडरमध्ये फुटतीलच की.’ नाही फुटत. तीन मिनिटांत तर नाहीच. त्या तशाच गोळीत जातात. गोळीवर तेलकट डाग दिसतो, एखाद्या गोळीचा कोपरा ढासळतो, आणि उरलेल्या मालाला लुब्रिकंट कमी पडतं ते वेगळंच.

म्हणून चाळणी ६० मेश, आणि जिथे बीएमआरमध्ये ४० लिहिलं असेल तिथे ४०. स्वतःच्या मनाने बदल नाही. चाळण्याआधी आणि चाळल्यावर जाळी दिव्यासमोर धरून फाटलेली तार शोधा. चाळायचं ते वापरण्याच्या अगदी आधी. सकाळी चाळून पिशवीत बांधून ठेवलेलं स्टिअरेट दुपारपर्यंत पुन्हा गुठळ्या धरतं. मास्क नीट लावा. ही धूळ हलकी असते, बराच वेळ हवेत तरंगते आणि छातीला त्रास देते. शिवाय ती ज्वलनशील आहे, त्यामुळे सिफ्टर आणि ब्लेंडरचं अर्थिंग जोडलेलं आहे याची खात्री झाल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

ब्लेंडरमधले फेरे

इथे थोडं थांबून वाचा, कारण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला इथे सांगायचं आहे.

आधी क्रम. ग्रॅन्युल, बाहेरून घालायचा डिसइंटिग्रंट (पाण्यात फुगून गोळी फोडणारा घटक), एरोसिल, टाल्क हे सगळं आधी एकत्र फिरतं, समजा १० मिनिटं. स्टिअरेट नेहमी सगळ्यांत शेवटी आणि एकटं. सगळंच एकदम टाकून १३ मिनिटं फिरवलं तर बेरीज तीच येते, पण गोळी ती राहत नाही. डिसइंटिग्रंटच्या कणांवर मेणाचा थर बसला की पाणी मिळूनही ते फुगायला आळस करतात.

स्टिअरेट घालताना एकाच जागी ढीग ओतू नका. ब्लेंडर अर्धा ते दोन तृतीयांश भरलेला असेल तर वर जागा असते. त्या पृष्ठभागावर स्टिअरेट पसरून टाका. काही ठिकाणी ब्लेंडरमधलाच थोडा माल पिशवीत घेऊन त्यात स्टिअरेट हाताने मिसळतात आणि मग ते परत घालतात. एसओपीत तसं असेल तर तसंच करा.

आणि आता फेरे. बीएमआरमध्ये मिनिटं लिहिलेली असतात, पण गोळीला मिनिटं कळत नाहीत, तिला फेरे कळतात. १२ आरपीएमवर ३ मिनिटं म्हणजे ३६ फेरे. कोणी स्पीड १५ वर ठेवला तर त्याच ३ मिनिटांत ४५. मी नव्यांना सांगतो की फेरे हाही फॉर्म्युल्यातला एक घटकच आहे. पॅरासिटामॉल किंवा स्टार्च जसं तोलून घालता, तसे फेरे मोजून घाला. आर अँड डीच्या लहान ब्लेंडरमधले ३६ आणि प्लँटच्या मोठ्या ब्लेंडरमधले ३६ सारखे नसतात. मोठ्या भांड्यात माल जास्त उंचीवरून पडतो, जास्त रगडला जातो, आणि तेवढ्याच फेऱ्यांत स्टिअरेट जास्त पसरतं. स्केल-अपच्या बॅचला अनेकदा ‘लॅबमध्ये तर हार्डनेस येत होता’ असं ऐकू येतं, त्यामागे हेच असतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, दुपारची शिफ्ट. मुसळधार पावसात ट्रान्स-हार्बर लाइन बंद पडली आणि कंप्रेशनचे दोन ऑपरेटर ठाण्याला अडकले. ब्लेंडिंगला मी आणि एक हेल्पर. स्टिअरेट घातलं, ३ मिनिटं झाली. मशीनवर माणूस नाही. माल रात्रभर बसून राहिला तर बारीक चुरा तळाला जाईल, या काळजीने मी ब्लेंडर आणखी १२ मिनिटं फिरवला. मनात आलं, जास्त एकजीव होईल, बरंच आहे. रेकॉर्डवर ३ मिनिटंच लिहिली.

सकाळी मशीनवरच्या मामांनी पहिल्या दहा गोळ्या काढल्या, एक हातात घेऊन अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, ‘साहेब, माल मेला आहे.’ हार्डनेस ९ केपी (किलोपाँड) यायचा, तो ५ च्या पुढे जाईना. दाब वाढवला तर ताकद वाढायच्या ऐवजी गोळ्यांच्या टोप्या, म्हणजे वरचे थर, उडायला लागल्या. गोळी आदल्या बॅचला ६ मिनिटांत फुटत होती, ती २० मिनिटं झाली तरी चाचणीच्या पाण्यातल्या बास्केटमध्ये पांढऱ्या बटणासारखी बसून होती. मामांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, ‘काल किती फिरवला?’ मी खरं सांगितलं, आणि त्यांच्याच सांगण्यावरून क्यूएकडे (गुणवत्ता हमी विभागाकडे) जाऊन लेखीही दिलं. बॅच गेली. स्टिअरेट एकदा पसरलं की काढून घेता येत नाही. त्या दिवसापासून ब्लेंडरच्या टायमरकडे पाठ करून मी कधी उभा राहिलेलो नाही, आणि ३ ऐवजी १५ मिनिटं झाली तर १५ च लिहायची हेही तेव्हाच शिकलो. मामा आता निवृत्त होऊन कळव्याला असतात.

मशीन मोकळं नसेल तर लुब्रिकेशन सुरूच करू नका. स्टिअरेट घालण्याआधी कंप्रेशनला फोन करा: मशीन क्लिअर आहे का, टूलिंग (पंच आणि डाय) बसलं आहे का, माणूस आहे का. पावसाळ्यात तर नक्कीच.

मशीनजवळ उभं राहून काय ऐकायचं, काय बघायचं

लुब्रिकंट कमी पडलं की मशीन बोलतं. इजेक्शनच्या जागी किरकिर, मग कुईं असा तीक्ष्ण आवाज. खालचे पंच जड फिरतात, कॅमवर ताण येतो. नव्या मशीनवर इजेक्शन फोर्सचा आकडा स्क्रीनवर दिसतो. तो हळूहळू चढत असेल तर अलार्मची वाट बघू नका.

गोळी उचला आणि तिची कड उजेडात आडवी धरा. दोन्ही सपाट बाजू सगळेच बघतात, कड कोणी बघत नाही. कडेवर खालून वर गेलेले उभे ओरखडे दिसले, तर डायच्या भिंतीवर घर्षण होत आहे हे नक्की. कड काचेसारखी गुळगुळीत असेल तर त्या बाबतीत निश्चिंत व्हा. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोकळ्या डोळ्यांनीही दिसतं, दहा-वीस गोळ्या बघितल्या की नजर बसते. मग पंचाचं तोंड बघा. त्यावर पांढरा थर म्हणजे स्टिकिंग. गोळीवरच्या अक्षराच्या पोटातला, म्हणजे ‘८’च्या किंवा रोमन ‘बी’च्या बंद जागेतला तुकडा निघालेला दिसला तर ते पिकिंग.

पण स्टिकिंग दिसलं की लगेच ‘लुब्रिकंट कमी’ असा शिक्का मारू नका. माल ओलसर असेल, पंचावरची पॉलिश गेली असेल, दाब कमी असेल, तरी चिकटतं. कॅपिंगचंही तसंच. लुब्रिकंट कमी असेल तर गोळी ओढून बाहेर येताना तिची टोपी सुटते. जास्त असेल तर कणांची पकडच नसते, म्हणून सुटते. दोन्हीकडे हातात तुटलेली गोळी एकसारखीच दिसते. फरक करायचा तो असा: ओरखडे आहेत, आवाज आहे, इजेक्शन फोर्स वर आहे, तर कमी. कड स्वच्छ आहे, मशीन शांत आहे, दाब वाढवूनही हार्डनेस वाढत नाही, डीटी (गोळी पाण्यात फुटायला लागणारी वेळ) लांबली आहे, तर जास्त. यापलीकडे अडकलेली हवा, फार कोरडा माल, झिजलेली डाय, फार वेगात चालवलेलं मशीन ही कारणंही असतात, ती एकेक करून बाजूला काढावी लागतात.

फोर्स फीडर (डायमध्ये माल ढकलणारा भाग) असलेल्या मशीनवर आणखी एक गोष्ट. त्यातली पाती माल सतत ढवळत असतात, म्हणजे ब्लेंडरचं काम तिथेही चालूच राहतं. मशीन थांबलं आणि पाती फिरत राहिली, तर आत अडकलेला माल जास्त लुब्रिकेट होतो. म्हणून लांब थांब्यानंतरच्या पहिल्या गोळ्या चांगल्या मालात सोडू नका. त्या एसओपीप्रमाणे बाजूला काढा आणि हार्डनेस तपासूनच पुढे चला.

आकडे कुठले बघायचे

हार्डनेस आणि वजन ठरलेल्या वेळांना बघताच. त्या नोंदी सुट्या वाचू नका, ओळीने वाचा. सकाळी ९, मग ८.५, मग ८, मग ७.५ असं सगळं मर्यादेत असतं, पण उतरत चाललेलं असतं. हा उतार लुब्रिकंटचा असू शकतो.

फ्रायबिलिटी (गोळी आपटून किती झिजते): ड्रममध्ये २५ आरपीएमने १०० फेरे, वजनातली घट १ टक्क्याच्या आत. डीटी: अनकोटेड गोळीला सर्वसाधारण मर्यादा १५ मिनिटं, फिल्म कोटेडला ३०. पण १५ च्या आत आहे म्हणून समाधान मानू नका. नेहमी ५ मिनिटांत फुटणारी गोळी आज १३ ला फुटत असेल, तर ती पास आहे आणि तरीही काहीतरी बदललेलं आहे. डिसोल्युशनचा (गोळीतलं औषध किती विरघळतं त्या चाचणीचा) रिपोर्ट क्यूसीकडून, म्हणजे तपासणी प्रयोगशाळेकडून, बऱ्याच उशिरा येतो. तोपर्यंत डीटी हीच तुमची सूचना.

शिकण्यासाठी एक प्रयोग आहे. तो उत्पादनाच्या जागेत करायचा नाही आणि रेकॉर्डवरही जात नाही. ट्रेनिंग रूममध्ये, टाकाऊ मालावर करा. नीट लुब्रिकेट झालेला माल एका काचेच्या ताटलीत सपाट दाबा, अतिलुब्रिकेट झालेला दुसरीत. दोन्हींवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब सोडा. पहिल्या ताटलीत थेंब बघता बघता आत शोषला जाईल. दुसऱ्यात तो मोत्यासारखा गोल राहून थरथरत बसेल, अळवाच्या पानावर बसतो तसा. रुग्णाच्या पोटात त्या गोळीबाहेर पाणी असंच थांबून राहणार आहे. मी हा प्रयोग दाखवला की वर्गात क्षणभर कोणी बोलत नाही.

पावसाळ्यात

खाडीच्या काठचा हा पट्टा, जून ते सप्टेंबर बाहेरची हवा ओलीगच्च. एअर हँडलिंग नीट चालत असेल तर कंप्रेशन रूममध्ये त्याचा त्रास नसतो, पण दार वारंवार उघडलं, माल रात्रभर सैल बांधलेल्या पिशवीत राहिला, की ग्रॅन्युल ओल धरतात आणि पंचाला चिकटतात. अशा वेळी शॉप फ्लोअरवर एकच सल्ला फिरत असतो, ‘थोडं स्टिअरेट मारा.’

तो ऐकू नका. ओल हे कारण असेल तर उपाय ओल काढणं हाच आहे. आधी एलओडी (मालात उरलेला ओलावा) बघा, रूमची आर्द्रता बघा, मगच पुढचं. स्टिअरेट वाढवून चिकटणं थांबेलही, पण डीटी आणि डिसोल्युशनमध्ये त्याची किंमत मोजावी लागेल. शिवाय मंजूर फॉर्म्युल्याबाहेरचं एक ग्रॅमही क्यूएच्या लेखी परवानगीशिवाय घालता येत नाही. सुधारित शेड्यूल एम (औषध उत्पादनाच्या पद्धतींचे भारतीय नियम) आल्यापासून तर तपासणीत असले बदल अधिक काटेकोरपणे बघितले जातात, आणि ते योग्यच आहे.

चुऱ्याकडेही लक्ष असू द्या. ग्रॅन्युलमध्ये बारीक चुरा जास्त असेल तर एकूण पृष्ठभाग वाढतो आणि तेवढंच स्टिअरेट अपुरं पडतं. फार कोरडा झालेला माल मिलमध्ये जास्त चुरा करतो. म्हणजे लुब्रिकंट कमी पडल्यासारखं दिसतं आणि कारण मागे ड्रायरमध्ये असतं.

बॅच संपल्यावर

स्टिअरेट धुताना नुसतं पाणी मारून ब्लेंडर स्वच्छ झाला असं समजू नका. ते पाण्यात विरघळत नाही, स्टीलला पातळ, न दिसणाऱ्या थरासारखं धरून बसतं, आणि हाच थर पुढच्या बॅचला जातो. एसओपीत दिलेलं डिटर्जंट, सांगितलेल्या तापमानाचं गरम पाणी, आणि गॅस्केट, डिस्चार्ज व्हॉल्व्ह, सांध्यांच्या खाचा हाताने घासून. फोर्स फीडरची पाती पूर्ण सोडवा. पंचांचे दांडे पुसताना जुनं ग्रीस आणि स्टिअरेट मिळून झालेला काळसर चिकटा निघेल. तो राहिला तर पुढच्या पांढऱ्या गोळीवर काळा ठिपका होऊन येतो.

शेवटचं धुणं शुद्ध पाण्याचं. ते संपलं की टॉर्च घेऊन ब्लेंडरच्या आत डोकवा आणि भिंतीवरून उतरणारं पाणी बघा. ते सलग, एकसंध पडद्यासारखं खाली येत असेल तर स्टील स्वच्छ आहे. ते तुटून थेंबाथेंबांनी थांबत असेल, तर थर अजून तिथेच आहे. ‘क्लीन्ड’चं लेबल खिशातच ठेवा आणि डिटर्जंटपासून पुन्हा सुरुवात करा.